संत योहान बाप्तिस्ता : सण ज्याचा, त्याची ओळख



येत्या २४ जूनला ख्रिस्तसभा संत योहान बाप्तिस्ता याच्या जन्माचा सोहळा साजरा करीत आहे. गोव्यात ज्यांचे सोयरेधायरे आहेत त्यांना हा दिवस वेगळा सांगावा लागत नाही. पहिल्या पावसाने विहिरी भरत आलेल्या असतात, डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घातलेली पोरे घुमट वाजवीत वाड्यावाड्यांतून फिरतात आणि एकापाठोपाठ एक पाण्यात उड्या टाकतात. त्याच सुमारास पोर्तुगाल, स्पेन, फिनलंड, थेट ब्राझीलमध्येही रात्री शेकोट्या पेटतात. नाताळ सोडला तर एखाद्याच्या जन्मदिवसाचा एवढा जल्लोष जगात क्वचितच पाहायला मिळेल.

गंमत अशी की, ज्याच्या नावाने हा सण चालतो तो माणूस स्वतः सणासुदीचा नव्हता. त्याने कधी मद्य घेतले नाही, अंगावर मऊ वस्त्र घातले नाही, आणि एका राजाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत त्याचा बळी गेला. मग या माणसाचे आणि या जल्लोषाचे नाते काय? हा सण जूनच्या अखेरीस कसा आला? या रविवारी आम्ही हीच कहाणी आपल्यापुढे ठेवीत आहोत.

मुक्या झालेल्या बापाचा मुलगा

योहानाच्या जन्माची कथा आपल्याला संत लूकच्या शुभवर्तमानात मिळते. यहुदियाच्या डोंगराळ भागात जखऱ्या नावाचा एक याजक राहत होता. त्याची पत्नी एलिझाबेथ हीदेखील अहरोनाच्या, म्हणजे याजकांच्याच कुळातली. दोघेही देवभीरू, पण पोटी मूल नव्हते आणि आता वयही उलटून गेले होते. त्या काळी मूल नसणे ही नुसती खंत नव्हती, चारचौघांत मान खाली घालायला लावणारी गोष्ट होती. ते दुःख आजही आपल्या कित्येक घरांत मुकाट्याने सोसले जाते, म्हणून ही कथा आपल्याला दूरची वाटत नाही.

यरुशलेमच्या मंदिरात धूप जाळण्याचा मान कोणाला मिळावा हे चिठ्ठ्या टाकून ठरवीत असत. एकदा चिठ्ठी जखऱ्याच्या नावाने निघाली. तो आत धूप जाळीत असताना वेदीच्या उजव्या बाजूस त्याला देवदूत गाब्रिएल दिसला. एलिझाबेथला मुलगा होणार, त्याचे नाव योहान ठेवायचे, तो मद्याला शिवणार नाही आणि त्याच्या जन्माने पुष्कळांना आनंद होईल, असे देवदूताने सांगितले. जखऱ्याचा विश्वास बसला नाही आणि त्याची वाचा गेली. बाहेर लोक आशीर्वादाची वाट पाहत होते, पण त्याला नुसत्या खुणा करता आल्या.

एलिझाबेथला सहावा महिना असताना नाझरेथहून मरियामाता तिच्या भेटीला आली. तिच्या उदरात तेव्हा प्रभू येशू होता. तिचा आवाज कानी पडताच एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली. ही उडी आपण लक्षात ठेवू या, कारण पुढे गोव्याच्या विहिरीकाठी आपल्याला तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

मूल जन्मले. आठव्या दिवशी सुंता करायला शेजारीपाजारी आणि नातलग जमले. सगळे बापाचेच नाव ठेवायला निघाले होते. एलिझाबेथने मात्र योहान हेच नाव धरून ठेवले. घराण्यात असे नाव कोणाचेच नाही, अशी कुरकुर झाली. शेवटी जखऱ्याने पाटी मागवून तेच नाव लिहिले आणि तत्क्षणी त्याची वाचा परत आली. योहान या हिब्रू नावाचा अर्थ देव कृपाळू आहे असा होतो. जॉन, जुआंव, हुआन, इव्हान ही सारी त्याच एका नावाची रूपे. आपल्या धर्मग्रामातही हे नाव लावणारे थोडेथोडके नसतील!

परंपरा सांगते की हे घर यरुशलेमच्या पश्चिमेला असलेल्या एन करेम या गावात होते. पवित्र भूमीच्या यात्रेला गेलेल्यांनी तेथील संत योहान बाप्तिस्त्याचे देऊळ पाहिले असेल.

मंदिर सोडून रानात

याजकपद त्या काळी वंशपरंपरेने चालत असे. बाप याजक, आई याजकांच्या कुळातली, तेव्हा योहानाने मंदिरात सेवा करावी, मानाने राहावे, हे सरळ होते. पण त्याने ती वाट घेतली नाही. तो रानात, यहुदियाच्या ओसाड प्रदेशात राहिला. उंटाच्या केसांचे वस्त्र, कमरेला चामड्याचा पट्टा, खायला टोळ आणि रानमध. एवढाच त्याचा संसार.

सम्राट तिबिर्याच्या कारकिर्दीचे पंधरावे वर्ष, म्हणजे साधारण इ.स. २८-२९. पंतय पिलात यहुदियाचा सुभेदार होता आणि गालीलावर हेरोद अंतिपाची सत्ता होती. त्या सुमारास योहानाने यार्देन नदीच्या परिसरात उपदेशाला सुरुवात केली. पश्चात्ताप करा, देवाचे राज्य जवळ आले आहे, हा त्याच्या उपदेशाचा गाभा होता. लोक लोंढ्याने येऊ लागले. आपल्या पापांची कबुली देऊन नदीत उतरू लागले आणि योहान त्यांना बाप्तिस्मा देऊ लागला. यहुदी लोकांत शुद्धीसाठी स्नान करण्याची रीत होतीच, पण ते स्नान ज्याचे त्याने पुनःपुन्हा करायचे असे. येथे मात्र दुसऱ्याच्या हातून, आयुष्याची दिशा बदलण्याची खूण म्हणून हे स्नान होत होते. म्हणूनच लोकांनी त्याला बाप्तिस्ता हे नाव दिले.

त्याची जीभ तिखट होती. धार्मिकपणाचा आव आणून येणाऱ्यांना त्याने सापाची पिल्ले म्हणायला कमी केले नाही. अब्राहामाच्या वंशात जन्मलो एवढ्यावर विसंबू नका, असे तो बजावीत असे. पण काय करावे असे साध्या लोकांनी विचारले तेव्हा त्याने दिलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त पैसा घेऊ नये. शिपायांनी कोणाला धमकावून लुबाडू नये, आपल्या पगारात समाधान मानावे. त्याने कोणाला नोकरी सोडून रानात या असे सांगितले नाही. ज्याच्या त्याच्या कामातच त्याने प्रामाणिकपणा मागितला. बंधुभगिनींनो, कार्यालयात, दुकानात, बाजारात बसणाऱ्या आपल्यासारख्यांना हे उपवासापेक्षा अवघड जाते, हे आम्ही आमच्या अनुभवावरून सांगू शकतो.

बाजूला होण्याचे धैर्य

एके दिवशी त्या गर्दीत प्रभू येशू येऊन उभा राहिला. योहानाने प्रथम नकार दिला. आपणच याच्या हातून बाप्तिस्मा घ्यायला हवा, असे त्याला वाटले. येशूच्या आग्रहावरून मात्र त्याने त्याला यार्देनच्या पाण्यात बाप्तिस्मा दिला.

त्या वेळी योहानाचे नाव सर्वत्र झाले होते. हाच तर ख्रिस्त नव्हे ना, अशी कुजबुज लोकांत होती. यरुशलेमहून माणसे चौकशीला आली. नुसते गप्प राहिला असता तरी लोकांनी त्याला डोक्यावर घेतले असते. पण आपण ख्रिस्त नाही, आपल्यामागून येणाऱ्याच्या वहाणेचा बंद सोडण्याचीही आपली लायकी नाही, असे त्याने उघडपणे सांगून टाकले. एवढेच नव्हे, तर येशूकडे बोट दाखवून त्याने आपले शिष्य त्याच्यामागे जाऊ दिले. संत पेत्राचा भाऊ अंद्रेया हा मूळचा योहानाचाच शिष्य होता.

जे शिष्य मागे राहिले त्यांना ते रुचले नाही. आपली गर्दी ओसरते आहे, सगळे तिकडे चालले आहेत, अशी तक्रार घेऊन ते आले. योहानाने त्यांना लग्नघरातला दाखला दिला. वधू ही वराची असते. वराचा मित्र जवळ उभा राहतो आणि वराचा आवाज ऐकून त्याला आनंद होतो. येशू वाढत जावा आणि आपण कमी होत जावे, यातच आपला आनंद पूर्ण झाला असे त्याने सांगितले.

एखाद्या मंडळाचे अध्यक्षपद असो, गायनवृंदातील पहिला आवाज असो, की घरातील चाव्यांचा जुडगा असो, आपल्या हातातली गोष्ट दुसऱ्याच्या हाती जाताना आनंद मानणे किती जड जाते हे आपण जाणतो. योहानाचे मोठेपण येथे आहे.

मखेरूसचा तुरुंग

हेरोद अंतिपाने आपल्या पहिल्या पत्नीला टाकून आपल्या भावाची पत्नी हेरोदिया हिच्याशी संसार थाटला होता. भाऊ जिवंत असताना त्याची बायको करणे मोशेच्या नियमशास्त्राला धरून नव्हते. पुष्कळांना ते कळत होते, पण बोलायचे कोणी? योहान बोलला. राजाला त्याने हे योग्य नाही असे स्पष्ट सांगितले आणि राजाने त्याला तुरुंगात टाकले.

पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस यानेही योहानाविषयी लिहून ठेवले आहे. मृत समुद्राच्या पूर्वेला असलेल्या मखेरूस नावाच्या किल्ल्यात त्याला कोंडले होते, असे तो सांगतो. लोक योहानाच्या शब्दाखातर काहीही करतील, उठावही करतील, अशी भीती हेरोदाला वाटत होती, असेही त्याने नमूद केले आहे. सत्य बोलणाऱ्या निःशस्त्र माणसाची सत्तेला किती धास्ती असते हे त्यावरून दिसते. त्या किल्ल्याचे अवशेष आज जॉर्डन देशात आहेत.

तुरुंगातल्या त्या दिवसांतील एक प्रसंग आम्हांला नेहमी थांबवितो. ज्या योहानाने नदीकाठी येशूकडे बोट दाखविले होते, त्यानेच आता आपले शिष्य पाठवून त्याला विचारले की, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी. अंधारकोठडीत त्याच्याही मनात काही हलले असेल काय? येशूने त्याला रागावून उत्तर दिले नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना शुभवर्तमान सांगितले जाते, हे जे दिसते ते योहानाला जाऊन सांगा, असा निरोप त्याने धाडला. आणि लोकांसमोर त्याने योहानाची थोरवी गायिली. प्रश्न विचारला म्हणून कोणी विश्वासातून उतरत नाही, हा मोठा दिलासा या प्रसंगात आहे. आजारपणात, कोर्टकचेरीत, घरातील एखाद्याच्या अकाली जाण्याने ज्यांच्या मनात असा प्रश्न उठतो, त्यांनी योहानाला आपला सोबती मानावे.

पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. हेरोदाच्या वाढदिवसाला सरदार व मानकरी जमले होते. हेरोदियाची मुलगी नाचली. शुभवर्तमानात तिचे नाव नाही. जोसेफस हेरोदियाच्या मुलीचे नाव सलोमे असे देतो. खूश झालेल्या राजाने ती मागेल ते देण्याची शपथ वाहिली. आईने पढविल्याप्रमाणे तिने योहानाचे शिर तबकात मागितले. राजाला वाईट वाटले, पण पाहुण्यांसमोर दिलेला शब्द फिरविण्याची लाज त्याला अधिक वाटली. भरल्या मेजवानीत निरपराध माणसाचा जीव गेला. योहानाचे शिष्य आले व त्यांनी त्याचे शरीर नेऊन पुरले.

हेरोदाचेही पुढे भले झाले नाही. टाकलेल्या पत्नीचा बाप म्हणजे नबाती लोकांचा राजा अरेतास. इ.स. ३६ च्या सुमारास त्याच्या सैन्याने हेरोदाच्या सैन्याचा धुव्वा उडविला. योहानाला मारल्याचे हे फळ, असे लोक म्हणत असल्याचे जोसेफस लिहितो. इ.स. ३९ मध्ये रोमच्या सम्राटाने हेरोदाला पदच्युत करून दूर गॉल प्रांतात हद्दपार केले.

चोवीस जूनच का?

संतांचा सण ख्रिस्तसभा सहसा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी पाळते, कारण तो त्यांचा स्वर्गातील जन्मदिवस. पृथ्वीवरील जन्माचे सोहळे उपासनेच्या पंचांगात तीनच : प्रभू येशूचा २५ डिसेंबरला, मरियामातेचा ८ सप्टेंबरला आणि योहानाचा २४ जूनला. योहानाच्या शिरच्छेदाचे स्मरण आपण २९ ऑगस्टला करतो ते वेगळे.

तारखेचा हिशेब शुभवर्तमानातूनच निघाला. येशूच्या जन्माचा संदेश मरियेला मिळाला तेव्हा एलिझाबेथला सहावा महिना होता. म्हणजे योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. नाताळच्या आधी सहा महिने मोजले की जूनचा शेवटचा आठवडा येतो. मग २५ जून का नाही? रोमन लोक महिन्याचे दिवस पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून उलटे मोजत. ३१ दिवसांच्या डिसेंबरात २५ तारखेला जे स्थान पडते, तेच ३० दिवसांच्या जूनमध्ये २४ तारखेला पडते. एवढाच तो फरक.

पण या तारखेला आणखी एक अर्थ होता. उत्तर गोलार्धात वर्षातला सर्वांत मोठा दिवस याच सुमारास असतो. आज आपण तो २१ जून धरतो. प्राचीन रोमच्या पंचांगात तो २४ जूनच्या आसपास धरीत. त्यानंतर दिवस लहान होत जातो. नाताळनंतर तो पुन्हा वाढू लागतो. येशूच्या जन्माबरोबर प्रकाश वाढतो आणि योहानाच्या जन्माबरोबर उतरतो. आपण कमी होत जावे असे सांगणाऱ्या संताला याहून शोभणारा दिवस कोणता? इ.स. ४३० मध्ये निवर्तलेले संत ऑगस्टीन यांनी आपल्या प्रवचनांतून हा मेळ भाविकांना उलगडून दाखविला होता. इ.स. ५०६ मध्ये फ्रान्समधील आग्द येथे भरलेल्या धर्मपरिषदेने हा सण वर्षातील प्रमुख सणांत गणला.

अग्नी, पाणी आणि पानफूल

युरोपातील शेतकऱ्यांना हा मोठा दिवस आधीपासूनच महत्त्वाचा होता. लांब हिवाळा सोसलेल्या माणसाला सूर्य म्हणजे जीव की प्राण. योहानाचा सण त्याच दिवसांत आल्यामुळे ऋतूच्या आनंदाचे रीतिरिवाज त्याच्या नावाशी जोडले गेले. आपल्याकडे त्या दिवसांत ढगांमुळे सूर्यच दिसत नाही, म्हणून हे चटकन ध्यानात येत नाही.

ख्रिस्तसभेला हे सारे एकदम पटले असे नाही. उत्तर आफ्रिकेत योहानाच्या सणाला लोक समुद्रावर जाऊन स्नान करीत, त्यावर संत ऑगस्टीन यांनी कडक शब्दांत टीका केली होती. ही मूर्तिपूजकांची रीत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पण लोकांचा पाण्याचा ओढा काही सुटला नाही. पुढे ख्रिस्तसभेने सण तोडण्याऐवजी त्याला वळण लावले. बाराव्या शतकातील ईशपंडित जाँ बेलेथ यांनी या रात्रीच्या शेकोट्यांचे, मशालींचे आणि डोंगरावरून गडगडत सोडलेल्या चाकांचे वर्णन केले आहे. चाक खाली येते तसा सूर्यही आता उतरणीला लागला, अशी ती खूण. योहान हा प्रकाशाची साक्ष देणारा दिवा होता, म्हणून शेकोटीलाही अर्थ मिळाला. जुन्या रोमन विधिग्रंथात तर या पूर्वसंध्येच्या शेकोटीला आशीर्वाद देण्याची खास प्रार्थना होती.

आज फिनलंडमध्ये या सणाला युहान्नुस म्हणतात. तळ्याकाठी मोठ्या शेकोट्या पेटतात आणि देशाच्या उत्तर टोकाला सूर्य मावळतच नाही. १९५५ पासून तेथे हा सण शनिवारी धरतात. लात्वियात पुरुष ओकच्या पानांचे आणि स्त्रिया रानफुलांचे मुकुट घालतात, शहाजिरे घातलेले चीज करतात आणि रात्रभर जागतात. स्पेनच्या किनाऱ्यावर लोक शेकोटीवरून उड्या मारतात आणि मध्यरात्री समुद्रात उतरतात. पोर्तुगालच्या पोर्तो शहरात लोक रात्रभर रस्त्यावर असतात, सार्डिन मासे भाजतात, बारीक पानांच्या तुळशीसारख्या रोपाच्या कुंड्या एकमेकांना देतात आणि भेटेल त्याच्या डोक्यावर प्लास्टिकची हातोडी हलकेच आपटतात. ब्राझीलमध्ये जून हा हिवाळ्याचा महिना. तेथे मक्याचे पदार्थ करून शेकोटीभोवती नाचतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात २४ जूनला सार्वजनिक सुट्टी असते. १९०८ मध्ये पोप दहावे पायस यांनी योहानाला तेथील फ्रेंच भाषकांचा आश्रयदाता संत म्हणून जाहीर केले होते.

आमच्या गायनवृंदातील मंडळींना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या इटालियन संन्याशाने मुलांना सूर शिकविण्यासाठी योहानाच्या सणाचे एक लॅटिन स्तोत्र निवडले. त्याच्या ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून उत, रे, मी, फा, सोल, ला ही सुरांची नावे पडली. पुढे उतचा दो झाला. आपण पेटीवर दो-रे-मी वाजवितो तेव्हा नकळत योहानाच्याच सणाची आठवण काढतो.

मुस्लिम बांधवही योहानाला हजरत याह्या या नावाने पैगंबर मानतात. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत, जेथे पूर्वी त्याच्या नावाचे देऊळ होते, त्याचे शिर ठेवल्याची श्रद्धा आहे. ६ मे २००१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या मशिदीला भेट दिली. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप होत.

गोव्यातील सांजाव

सोळाव्या शतकात पोर्तुगीज मिशनऱ्यांबरोबर हा सण आपल्या किनाऱ्यावर आला. आपल्या भागातही त्याच्या खुणा आहेत. मरोळजवळ सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या आवारात संत योहान बाप्तिस्त्याच्या नावाने १५७९ मध्ये बांधलेल्या देवळाचे अवशेष उभे आहेत. ठाण्याचे जुने देऊळही त्याच्याच नावाचे. गोव्यात बाणावलीचे देऊळ योहानाचे. तेथेच १६५१ मध्ये श्रीलंकेचे प्रेषित संत जोसेफ वाझ यांचा बाप्तिस्मा झाला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

युरोपातला सण गोव्यात आला आणि पावसात भिजला. येथे शेकोटीपेक्षा पाण्याला मान मिळाला. लोक त्याला सांजाव म्हणतात. पानाफुलांच्या मुकुटाला कोपेल म्हणतात. घुमट आणि कासाळे यांच्या तालावर गाणी म्हणत तरुण घरोघर जातात आणि संताचा जयजयकार करीत विहिरीत, तळ्यात, ओढ्यात उड्या घेतात. ही उडी म्हणजे एलिझाबेथच्या उदरातल्या बाळाची उडी आणि ते पाणी म्हणजे यार्देनचे पाणी, असा अर्थ तेथील भाविक सांगतात. नव्या जावयाचा त्या दिवशी मोठा मान. लग्नानंतरच्या पहिल्या सांजावाला त्याला सासुरवाडीला बोलावतात, आपल्याकडे दिवाळसणाला बोलावतात तसे. फळफळावळ आणि मिठाई वाटतात. शिवोलीला सजविलेल्या होड्यांतून आजूबाजूच्या वाड्यांतली मंडळी गात-वाजवीत येतात आणि काठावर माणसांची रीघ लागते.

सणाचा मानकरी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ज्याने मद्याला स्पर्श केला नाही त्याच्या सणाला फेणीच्या बाटल्या रिकाम्या होतात. दारूच्या अमलाखाली किंवा पोहता येत नसताना पाण्यात उडी घेतल्याने या सणात दुर्घटनाही घडलेल्या आहेत. हेरोदाच्या मेजवानीत मद्य आणि पोकळ प्रतिष्ठा एकत्र आली आणि एका निरपराध माणसाचा जीव गेला. योहानाच्याच सणाला कोणा आईचा मुलगा विहिरीतून परत येऊ नये, याहून मोठी विसंगती ती कोणती?

म्हणून सणच नको, असे आम्ही म्हणणार नाही. देवदूताने जखऱ्याला सांगितले होते की, या मुलाच्या जन्माने पुष्कळांना आनंद होईल. विहिरीत उडी घेणारी पोरे, शेकोटीभोवती नाचणारे ब्राझीलचे शेतकरी, मुकुट गुंफणाऱ्या लात्वियातील मुली ही सारी त्या वचनाची पूर्तताच म्हणावी लागेल. आनंद हा या सणाचा हक्क आहे. त्या आनंदाचा मानकरी कोण याचा मात्र विसर पडू नये. योहानाला तर स्वतःचा विसर पडला तरी चालला असता, त्याने आयुष्यभर दुसऱ्याकडेच बोट दाखविले. पण त्याने ज्याच्याकडे बोट दाखविले त्याचाही विसर पडला, तर सण उरतो आणि सणाचा जीव जातो.

यंदा हा सण आपण कसा साजरा करू या? जे गोव्याला जाणार आहेत त्यांनी जरूर कोपेल घालावे, जरूर पाण्यात उतरावे, पण शुद्धीत राहून, पाणी पारखून आणि धाकट्यांवर नजर ठेवून. आधी मिस्साला जावे. आपल्याला ज्या दिवशी स्नानसंस्कार मिळाला ती तारीख घरातल्या थोरांना विचारून घ्यावी. आम्ही विचारणा केली तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांना ती ठाऊक नव्हती, हे कबूल करावे लागते. आणि कपाटातल्या दोन अंगरख्यांपैकी एक कोणाला देता येईल का, याचा विचार करावा. पावसाळ्याचे दिवस आहेत, कोरड्या कपड्याची गरज असलेली माणसे आपल्या दारासमोरूनच जात असतात.

हे प्रभो, सत्य बोलण्याचे योहानाचे धैर्य आम्हांला दे, आणि तू वाढत असताना लहान होण्यात आनंद मानायला आम्हांला शिकव.

संत योहान बाप्तिस्त्याच्या सणाच्या आपणां सर्वांना, आणि त्याचे नाव लावणाऱ्या आबालवृद्धांना, हार्दिक शुभेच्छा!